मामाच्या हातचा घास

आत्याबाई,

आणि वरून तुमचा लेक मलाच म्हणतो, "आईनं घालून दिलेली रीत हाय, मोडायची न्हाई." तुमाला जाऊन सहा वर्षं झाली, तरी या घरात कुणी काय खायचं ते तुमीच ठरवायलात. म्हणून हे पत्र. मी दुसरीतून शाळा सोडवलेली बाई, लिहायचा सराव न्हाई. पण तवा तुमच्या तोंडावर जे बोलायची हिंमत झाली न्हाई, ते आता कागदावर बोलते.

तुमच्या नातवाची, आपल्या बबनची पोरगी दहा महिन्यांची झाली. बारशाला घातलेलं कडं मनगटातून वर सरकून पार दंडापर्यंत जातंय. उष्टावण अजून व्हायचंय. सुनेचा भाऊ येलदरीला धरणावर कामाला, त्याला रजा न्हाई. मामानं पहिला घास भरवल्याबिगर अन्न द्यायचं न्हाई, म्हणून पोर नुसती आईच्या दुधावर. फळीवर टॉनिकच्या दोन बाटल्या. परवा डॉक्टरनं सुई टोचली, आज पुन्हा टोचली. सुईला मामा लागत न्हाई का, आत्याबाई?

माझी शकू आठवती का तुमाला? नामांतराच्या दंगलीत गाड्या बंद पडल्या, माझा भाऊ तिच्या उष्टावणाला गंगाखेडहून येऊ शकला न्हाई. गाड्या सुरू झाल्या तर त्याची ऊसतोड आली. मी म्हणले, सासऱ्यांच्या हातानं उरकून घेऊ. तुमी म्हणलात, "थांबू की. पोर कुठं पळून जायलीय?"

दर बाजाराला तुमी तिला काखेत मारून डॉक्टरकडं न्यायच्या, भर उन्हात, पायी. तुमची माया खोटी न्हवती, तसं मी म्हणणार न्हाई. पण त्या माणसानं एकदाबी विचारलं न्हाई, पोर खाती काय. "अशक्तपणा हाय," म्हणायचा आणि सुई भरायचा. तुमी वर त्याला सांगायच्या, "लाल द्या, पांढरीनं गुण येत न्हाई." भाजी निवडून घेतल्यासारखं.

एकदा नर्सबाई दारात आल्या. शकूचा दंड दोन बोटांत धरून म्हणल्या, "आजी, हिला खायला काय देता?"

"चार बाटल्या पाजल्या की."

"बाटल्या न्हाई हो. भात, वरण?"

"अवो, मामा कुठं आलाय अजून?"

"मग मीच होते मामा. आणा वाटी."

तुमी दार लावून घेतलं. मी आत चुलीपुढं बसले होते, आणि बसूनच राहिले.

माझंबी सांगते. तुमी कीर्तनाला गेलात तवा मी मऊ भात कुस्करून तिला चोरून चारला. तिनं माझं बोट सोडलं न्हाई. दुसऱ्या दिवशी तिला जुलाब लागले. तुमी विचारलं, "कुणी काय चारलं?" मी न्हाई म्हणले, आणि भ्यायले ती भ्यायलेच, पुन्हा चारलं न्हाई. सुई टोचताना तिचे पाय मीच धरायची. शेवटी शेवटी धरायची गरजच पडंना.

माघात ती गेली. माझा भाऊ तिसऱ्या दिवशी आला. तुमी त्याच्या गळ्यात पडून रडलात, "औषधात कमी पडू दिलं न्हाई रे." हे मला आजबी सलतंय. औषधात कमी पडलंच न्हवतं.

आता पुन्हा नामांतराचं निघालंय, गाड्या बंद पडतील म्हणायलेत. तुमचा लेक तुमच्या फोटोकडं बघतो, सून माझ्याकडं बघती.

शब्द देते, या पोरीला मी वाट बघायला लावणार न्हाई. येत्या गुरुवारी सकाळी मुगाची मऊ खिचडी करणार आणि सगळ्यांपुढं माझ्या हातानं भरवणार. मग रोज. जुलाब लागले तर सरकारी दवाखान्यात नेईन, पण घास बंद करणार न्हाई.

तुमचं काही म्हणणं असंल तर बुधवारपर्यंत सांगा. लेकाच्या सपनात जाऊ नका, माझ्या सपनात या. आणि येताना शकूला संग घेऊन या. तिच्यापुढं मला सांगा, अजून किती थांबायचं.

तुमची सून,
गयाबाई