केकच्या कडा

३ मार्च
दादालाही मधुमेह निघाला! आधी बाबा, मग आत्या, आता हा. राहिले मी. आत्याचा फोन — "तूही तपासून घे गं, आपल्यात कुणी सुटत नाही." काय पण धीर देते! शिवणाच्या दुकानात दिवसभर कपड्याऐवजी बोटांतच सुई घातली.

५ मार्च
साखर ठीक. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जनुकांचीही तपासणी होते, थुंकी पाठवायची. पाठवली.

सासूबाईंना कळलंच. "आमच्याकडे बाई कुणालाच नाही." जसं काही आमच्या माहेरी सगळे चोरच! वर म्हणे, "मुलाचा विचार नीट करा." मूल मला हवंच आहे. पण त्याला हे माझ्याकडून मिळालं तर? डोक्यात नुसती भुणभुण.

१२ मार्च
केकच्या कडा बंद! नवरा बेकरीत केक कापून चौकोनी करतो, उरलेल्या कडा कामगारांच्या. लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी ओट्याशी उभं राहून आम्ही त्या अर्ध्या-अर्ध्या खातो. आज मी हात मागे घेतला. "मग काय टाकून देऊ?" म्हणाला आणि माझ्या वाटणीच्याही संपवल्या. वर बाटलीभर पाणी घटाघटा. भट्टीपुढे घसा वाळतो म्हणे.

२० मार्च
रोज साखरेच्या यंत्राला रक्त देते. रोज ठीक, शंभराच्या आसपास. तरी चैन नाही.

२ एप्रिल
त्याच्या पँटची कंबर आत घेतली. दुसऱ्यांदा! मी नुसत्या वासानं फुगते आणि हा दोघांचं खाऊन वाळतोय. "भट्टीची कृपा!" म्हणाला. असा जळफळाट झाला माझा!

९ एप्रिल
अहवाल आला. धोका सरासरीपेक्षा बराच जास्त. एकच कुठलं जनुक नाही — बारीकसारीक फरक पुष्कळ, प्रत्येकाची थोडी थोडी भर.

डॉक्टरीणबाई समजावत होत्या, "धोका म्हणजे रोग नव्हे. कुणाला कमी, कुणाला जास्त, पण अगदीच नाही असा कुणी नसतो." मला फक्त 'जास्त' ऐकू आलं. घरी येऊन सांगून टाकलं, मूल नको. हा नुसता ओटा पुसत राहिला. कडाही तशाच राहिल्या.

१० एप्रिल
मला हसवायला आज यानं स्वतःचं बोट पुढे केलं. "बघ, आमच्या घराण्याचं रक्त कसं असतं!"

४१२.

केकचे हात असतील म्हणून साबणानं धुवायला लावले. दुसरं बोट. ४०६.

ती तहान. ते वाळणं. मी आपली माझ्यावरच पहारा देत बसले, आणि कंबर दोनदा याच हातांनी आत घेतली!

यानं यंत्र पालथं घातलं. मग हळूच म्हणाला, "आता माझंही मूल नको का गं?"

"वेडा आहेस का!" — माझ्या तोंडून निघून गेलं.