टिंबं आणि दुरुस्त्या

ती. बाबा,

नमस्कार. मी मजेत आहे, दोन्ही वेळा नीट जेवते, असं आईला सांगा.

तुम्ही जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासलीत आणि इथे प्रयोगशाळेत मीही तेच करते. फक्त मजकूर पटकीच्या जंतूंचा असतो. जंतू ज्या प्रथिनाने माणसाला आजारी पाडतो, त्याची कृती त्याच्या पोटात चारच अक्षरं पुन्हा पुन्हा वापरून लिहिलेली असते. प्रत्येक रुग्णाच्या नमुन्यातली ती कृती मी जुन्या प्रतीशी ताडून बघते.

परवा एका नमुन्यात एक अक्षर वेगळं दिसलं. यंत्राची चूक असणार, असं समजून मी ते सुधारून टाकलं. तुमचीच लेक! आमच्या बाई अशा भडकल्या म्हणता! "अगं, इथे चूक सुधारायची नसते, नोंदवायची असते!"

मग बाकीचे नमुने काढले, तर सात रुग्णांमध्ये तेच अक्षर बदललेलं. तीच चूक सात वेळा होत नाही, बाबा. जंतूच बदलला होता आणि आमची जुनी चाचणी त्याला ओळखत नव्हती. माझी दुरुस्ती तशीच राहिली असती, तर आजारी माणसांना आम्ही "काही नाही" म्हणून घरी धाडलं असतं.

तुमच्या पत्रांतली टिंबं हल्ली शेजारच्या अक्षरावर पडतात. मी मनातल्या मनात सुधारून वाचत आले. काल तुमची शेवटची तीन पत्रं शेजारी ठेवून पाहिली, तिन्हींत तेच.

डोळे कधी दाखवताय? आणि आईला डोळ्यांचं सांगितलंय, की तिच्या प्रतीतून ते खोडलंत?

तुमची,
टिंबू