खोल कपाटं, सपाट टीव्ही

२ नोव्हेंबर, रविवार सकाळ

सौ. हिस, सप्रेम.

तुझी आणि ताईंची तब्येत बरी असेल. साडूंचा गुडघा कसा आहे ते कळव.

परवा फोनवर ताईंनी मला विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं त्या वर्कशॉपमध्ये नेमकं केलंत तरी काय?" आता लिहून देतो, त्यांना वाचून दाखव. आपला पलंग. स्वयंपाकघरातली मांडणी, जिच्या एकाही खणाला खिळा नाही. थोरलीचा पाळणा, जो पुढे धाकटीला आणि मग गल्लीतल्या कितीतरी घरांना पुरला. शेजारच्या आजोबांची पायरी, त्यांचा पाय जेवढा उचलतो तेवढ्याच उंचीची. वाचनालयाची शिडी. आणि टीव्हीची कपाटं. ती मोजली नाहीत, पण आपल्या भागात कुठल्याही रस्त्यानं चालत गेलं तरी एखाद्या खिडकीतून माझं कपाट दिसायचंच. कोणाच्या हाताखाली शिकलो नाही. भंगारातून एक मोडकं कपाट आणलं, त्याचे सांधे उकलले आणि पुन्हा जोडले. तेच माझं कॉलेज.

तू ताईंकडे जाताना दारात उभी राहून म्हणालीस, "चष्मेवाल्यानं तुम्हाला काहीतरी देऊ केलं म्हणे, आणि तुम्ही नाही म्हणालात म्हणे. काय देऊ केलं, आणि नाही का म्हणालात? सरळ उत्तर मिळेपर्यंत मी येत नाही." (चष्मेवाला म्हणजे टीव्हीच्या दुकानाचा मालक, हे ताईंसाठी.) उत्तर देणार आहे. पण मला सगळं क्रमानं सांगायची सवय आहे, हे तुला लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून माहीत आहे. फोनवर सांगितलं असतं, पण तू नुसतं 'हं' म्हणतेस आणि मागून ताईंचा श्वास ऐकू येतो.

तर आधी टीव्हीचं. जुन्या टीव्हीला पाठ होती. त्या पाठीला जागा हवी, म्हणून खोल कपाट हवं, म्हणून मी हवा. चष्मेवाला टीव्ही विकायचा आणि गिऱ्हाइकाला माझा पत्ता द्यायचा. सपाट टीव्ही आला तेव्हा लोक तो नुसता बघायला जायचे, एखाद्या आजारी श्रीमंत नातेवाइकाला बघायला जावं तसे. किंमत विचारायचे आणि जुनाच घेऊन यायचे. मला काळजी नव्हती. आता दर पंधरा दिवसांनी चष्मेवाला दुकानाच्या काचेवरचा आकडा पुसतो आणि आणखी खालचा लिहितो. मागच्या वर्षी नुसता डिस्क प्लेअर जेवढ्याला होता, तेवढ्यात आता टीव्ही येतो आणि प्लेअर वर फुकट. सपाट टीव्हीला कपाट लागत नाही. चार स्क्रू लागतात.

प्लेअरचं तुला आठवतच असेल. तो नवा आला तेव्हा मला वाटलं, चला, काम आलं. दुकानात जाऊन टेप लावून माप घेतलं आणि त्यासाठी वेगळा खण असलेली कपाटं केली. खण इतका नेमका, की आत हवा जाईल पण बोट जाणार नाही. तू म्हणालीस, "अहो, थोडी जागा ठेवा की, उद्या नवा येईल." मी म्हणालो, "ढिलं काम माझ्या हातून होत नाही." किंमत निम्म्यावर आली आणि नवे प्लेअर आले ते उंचीला कमी, रुंदीला दोन बोटं जास्त. एकाही खणात एकही जात नाही.

परवा दाताचे डॉक्टर प्लेअर काखोटीला मारून आले.

"कपाट तुमचं ना? मग हा आत घालून दाखवा."

"नाही जाणार. रुंद आहे."

"मग खण रुंद करा."

"डॉक्टर, दात बसत नाही म्हणून तुम्ही जबडा रुंद करता का?"

"नाही करत. पण मी माप घेताना निदान पेशंटचं तोंड उघडून बघतो. तुम्ही दुकानातलं मॉडेल बघितलंत."

त्यांचा प्लेअर आता कपाटाच्या डोक्यावर आहे, त्यावर त्यांनी कुंडी ठेवली आहे. न विकलेली कपाटं वर्कशॉपमध्ये भिंतीला पाठ लावून उभी आहेत.

शाळेतल्या बाई भेटल्या. त्यांचा नवा टीव्ही भिंतीवर गेला. मी विचारलं, कपाट? म्हणाल्या, "आहे ना, दादा! चपला ठेवतो. बाकी कपाटात वास कोंडतो, तुमच्यात नाही. तुम्ही मागे भोकं पाडलीत ना!" ती भोकं टीव्हीची गरमी जावी म्हणून होती, पण त्यांचा चेहरा इतका खूश होता की मी आभार मानले.

आता मंगळवारचं. चष्मेवाल्यानं दुकानात बोलावलं, आतल्या खोलीत बसवलं, चहा मागवला.

"मला तुमच्यासारखा हात हवाय," तो म्हणाला.

"कशाला?"

"भिंतीवर टीव्ही लावायला. रोज विकले जातायत. लावणारे वाकडे लावतात, आणि मग लोक मान तिरकी करून माझ्याकडे तक्रारीला येतात."

"आणि वर्कशॉप?"

"बंद करा की. रिकाम्या कपाटांचं भाडं कशाला भरताय?"

हे बरोबर होतं. मला तसं कबूल करायला जड जातं, पण बरोबर होतं. भिंत विटांची आहे की पोकळ, हे मी बोटानं वाजवून सांगतो. कुठलं ड्रिल आधी घ्यावं लागेल याचा मी मनात विचारही सुरू केला होता. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं.

इथून पुढचं ताईंना वाचून दाखवू नकोस.

मग त्यानं पगार सांगितला. सांगताना माझ्याकडे न बघता पेनाचं टोपण उघडझाप करत होता. त्या माणसाच्या दुकानात नव्व्याण्णववर संपत नाही अशी एक किंमत दाखव. त्यानं आपल्या मनानं नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव म्हटलं असतं, तर मी हसून हो म्हणालो असतो. पण त्याचा आकडा चाळीसवर संपला. चाळीसवर संपणारा एकच हिशोब मला माहीत आहे. महिन्याच्या सुरुवातीला ओट्याशी उभी राहून तू बोटांवर करतेस तो: भाडं, वीज, किराणा, धाकटीची फी, तुझ्या गोळ्या. तेव्हा मी पेपर धरून बसलेला असतो, पण वाचत नसतो.

मला वाटलं होतं, त्यानं माझ्या हाताची किंमत केली. त्यानं तुझ्या-माझ्या घरखर्चाची केली होती.

तू त्याच्याकडे कधी गेलीस आणि काय बोललीस, ते मी विचारणार नाही. तू एकटी त्या दुकानाच्या पायऱ्या चढलीस, एवढंच डोळ्यासमोर येतं आणि मग हातातला रंधा नीट चालत नाही.

उद्या मी माझ्या पायानं त्याच्याकडे जाणार आहे आणि एका टीव्हीमागे किती घेईन ते सांगणार आहे. महिन्याला सगळं मिळून त्याच्या आकड्याहून कमीच भरेल. तेवढ्यात घर कसं चालवायचं ते मला येत नाही, ते तुलाच येतं. वर्कशॉपची किल्ली महिनाअखेर परत देईन.

आता तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर, तुला यातलं काहीच ठाऊक नाही असं धरून. चष्मेवाल्यानं मला लोकांच्या भिंतींवर टीव्ही लावायची नोकरी देऊ केली, आणि मी नाही म्हणालो. दरमहा अकरा हजार तीनशे चाळीस.

तुझा