‘गाडी काढा’ या बटणाबद्दल तक्रार

चि. चाक्यास,

तुझ्या धाकट्या मावशीचे भरघोस आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं ठणठणीत आहोत (यांचा डावा गुडघा सोडून, तो गेली सहा वर्षं यांचं काही ऐकत नाही). तू वेळेवर जेवतोस का आणि त्या खुर्चीतून अधूनमधून उठतोस का, ते कळव. तुझी आई म्हणते उठतोस, पण तिच्या सांगण्यावर मी लहानपणापासून विश्वास ठेवलेला नाही. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू “हो मावशी, हो मावशी” म्हणतोस आणि मागे तुझी टकटक चालू असते.

तर मुद्द्याचं. दीड वर्षाचा असताना कढईचं झाकण धरून घरभर गाडी चालवणारा तू (त्यावरूनच हे नाव पडलं, आता तक्रार करू नकोस) आज गाड्यांचा कारखाना चालवायचा खेळ तयार करतोयस, याचा मला मनापासून आनंद आहे. मागच्या भेटीत तो अर्धामुर्धा खेळ तू आमच्या संगणकावर चढवलास आणि म्हणालास की मावशी, चुका काढण्यात तुझा हात धरणारं कुणी नाही, तूच हा तपासून दे. मोटारींच्या कारखान्यात तक्रार विभागात एकतीस वर्षं काढलेल्या बाईला असं सांगणं म्हणजे काय, याचा तू नीट विचार केला नव्हतास. आता भोग.

पहिल्याच दिवशी मी कंपनी काढली आणि गाडी आखायला बसले. एकतीस वर्षांत लोक कशाकशाबद्दल पत्रं लिहितात ते मला पाठ आहे, इंजिनाबद्दल फारच थोडी. गुडघे अडकतात, मागे बसलं की बाहेरचं दिसत नाही, पर्स ठेवायला जागा नाही (ही एकच तक्रार मी नऊशे वेळा तरी वरच्या मजल्यावर पाठवली असेल, तिथे एकाकडेही पर्स नव्हती). म्हणून मी मागची सीट उंच केली, मग डोकं लागेल म्हणून छप्पर उंच केलं, मग तोल जाईल म्हणून चाकं रुंद केली. यांनी चष्मा सारखा करून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “कपाटाला चाकं कशाला लावलीस?” मी तेच नाव ठेवलं. कपाट.

आता ऐक. गाडी तयार झाल्यावर खाली मोठ्या लाल अक्षरांत तुझं बटण आलं: गाडी काढा. मी काढली. खेळानं विचारलं, खरंच काढायची? मी म्हटलं, एवढी राबून केलीय ती काय शोभेला ठेवायची? हो! गाडी दिसेनाशी झाली. मला वाटलं, गेली बाजारात. मी हात जोडून बसले. खेळातले सहा महिने गेले, गिऱ्हाईक नाही, माझे चौदा निळे कामगार हाताची घडी घालून उभे. मी दुसरं कपाट केलं, तेही काढलं. तिसरं काढलं. पाचव्या कपाटाच्या वेळी हे मागून हळूच म्हणाले, “अगं, तू काढत नाहीयेस, काढून टाकतेयस.” अरे चाक्या, समोरच्यांनी नवी गाडी काढली, चला गाडी काढा फिरायला जाऊ, असं आपण जन्मभर बोलतो, आणि तू त्याच शब्दात गाडीचा काटा काढतोस? बाजारात न्यायचं खरं बटण वर कोपऱ्यात, राखाडी रंगात, तोंड लपवून बसलं होतं. पाच कपाटं गेली माझी. यांना तर इतकं हसू आलं की गुडघ्याचं दुखणं दुपारभर विसरले.

त्यामुळे पुढे जेव्हा तुझा खेळ मला सल्ला द्यायला लागला की कामगार दमले आहेत, कामगार काढा, तेव्हा मी शहाणी झाले होते. एकालाही काढलं नाही. दमले तर सुट्टी द्यायची की! तू त्यांना फक्त नंबर दिले होतेस, मी नावं ठेवली: ठोक्या, बडबड्या, ताईसाहेब (या फक्त रंग बघतात), आणि नऊ नंबरचा सावकाश. हा सावकाश प्रत्येक नट दोनदा आवळतो, मग मागे सरून बघतो, मग तिसऱ्यांदा आवळतो. कुणासारखा ते मी सांगत नाही, ते पलीकडे पेपर वाचतायत. वेळ पळवायचं तुझं बटण मी एकदाच दाबलं. माणसं इतकी धावायला लागली की मला बघवेना. आता खेळातलं एक वर्ष मी आठ दिवस पुरवते. शिवाय गिऱ्हाइकांच्या तक्रारी येतात त्यांच्यापुढे तू फक्त ‘बंद करा’ ठेवलंयस, उत्तर द्यायची सोयच नाही. मी वहीत उत्तरं लिहिते. तक्रार उघडून नुसती बंद करायची, हे माझ्या हातून होणार नाही.

आणि गेल्या मंगळवारी काय झालं माहितीय? पेटी उघडली तर तक्रारी शून्य. मी दोनदा बंद करून उघडली. शून्य! माझी माणसं आता म्हातारी झालीत, महिन्याला मोजकी कपाटं बाहेर पडतात, तुझा खेळ रोज बजावतो की कंपनी अगदी नगण्य आहे, पण एकाही माणसाचा गुडघा अडकत नाही. एकतीस वर्षांत मी रिकामी पेटी पाहिली नव्हती रे. मी उठून घरभर नाचले. यांनाही उठवलं.

दुसऱ्या दिवशी तुझा निरोप आला की पुढच्या शुक्रवारी खेळाची नवी आवृत्ती काढतोय, ती आली की जुन्या कंपन्या उघडणार नाहीत, सगळ्यांनी पहिल्यापासून सुरुवात करावी. बरोबरच आहे. खेळ घडतोय, बदल होणारच. मी काही लहान मूल नाही. माझी समजूत काढायची अजिबात गरज नाही. खूप काम कर, मोठा हो, घराण्याचं नाव काढ (कोणत्या अर्थानं, ते तुला आता कळलं असेल).

तुझी,
मावशी

ता.क. त्या बटणावर ‘हटवा’ लिही. पाच कपाटांच्या आत्म्याला शांती मिळेल.

ता.क. दुसरा. सोबतच्या जाड पाकिटात बासष्ट तक्रारी आहेत, नंबर घालून. ऊन असताना वायपर चालतात, कारखान्याचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे, फाटकावरच्या रखवालदाराला बसायला स्टूल नाही वगैरे. खेळासोबत तू मला दिलेल्या तक्रारीच्या फॉर्मवर तूच छापलंयस की प्रत्येक तक्रारीला लेखी उत्तर दिल्याशिवाय नवी आवृत्ती काढणार नाही. छान नियम आहे. अर्थात माझी जुनी कंपनी नव्या आवृत्तीत उघडेल अशी काही व्यवस्था झाली, तर बासष्टच्या बासष्ट मी एका ओळीत मागे घेईन. सावकाश अठ्ठावन्न वर्षांचा आहे. साठाव्या वर्षी तुझा खेळ कामगारांना निवृत्त करतो. म्हणजे माझ्या हिशेबानं अजून सोळा दिवस, आणि शुक्रवारला उरलेत नऊ. त्याला निरोप द्यायचाय. भाषण लिहून तयार आहे.

ता.क. तिसरा. चाक्या, हे अक्षर तुझ्या काकांचं. ती तिकिटं शोधायला आत गेलीय. नऊ नंबर मीच, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी कारखान्याच्या भांडारातून निवृत्त झालो, नेमकी त्याच दिवशी कंपनीनं नवी गाडी काढली. सगळे तिकडे पळाले. माझ्यासाठी आणलेला केकसुद्धा त्या गाडीपुढेच कापला. मला काही वाटलं नव्हतं, असं मी हिला सांगितलं होतं. काल तिच्या वहीत ते भाषण वाचलं. सव्वातीन पानं आहेत. चाळीस वर्षांत तिनं तोंडावर कधी म्हटलं नाही ते सगळं त्यात आहे, आणि ती ते मोठ्यानं वाचणार आहे. एवढी दोन वर्षं मला काढू दे. मग तुला काय काढायचं ते काढ.