ताईच्या पत्राचं तिसरं पान

१८ सप्टेंबर १८७३
तुझ्या घरापासून अडीचशे पावलांवरून

प्रिय केझियाताईस,

धाकट्या लेमुएलचा नमस्कार. तू सुखरूप असशील, कोंबड्या नेमाने अंडी देत असतील आणि तुझा उजवा गुडघा थंडीच्या आधीच कुरकुरू लागला नसेल, अशी आशा करतो. (गुडघ्याची हकीकत मला नेमकी ठाऊक असते. ती तू पहिल्याच पानावर लिहितेस.) इकडे तुझी भावजय फीबी आणि मी ठीक आहोत. म्हणजे फीबी तिकडे ओहायोत ठीक असावी. मला घर सोडून आज अकरा दिवस झाले. वरचा पत्ता वाचून तू चष्मा पुसला असशील, पण पत्ता बरोबर आहे. तुमच्या गावात चर्चसमोर खोगिरांचं दुकान आहे ना, तिथल्या बाकावर बसून मी हे लिहितोय. सकाळपासून दोनदा तुझ्या फाटकापर्यंत येऊन परत फिरलो. दुसऱ्यांदा तर कडीसुद्धा काढली होती, पण कुत्रा भुंकला. (कुत्रा रस्त्यापलीकडे होता आणि भलत्याच कुणावर तरी भुंकत होता, हे आता कबूल करतो.)

सगळं पहिल्यापासून सांगतो. आपण भावंडं चार राज्यांत पांगलो तेव्हा फिरत्या पाकिटाची कल्पना तूच काढलीस. पाकीट तुझ्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून असाहेलदादाकडे, तिथून लोविनाकडे आणि पुन्हा तुझ्याकडे. प्रत्येकाने आपलं जुनं पत्र काढून नवं घालायचं आणि आठवड्याच्या आत पुढे धाडायचं. चौदा वर्षं ते असं फिरतंय. यंदा जुलैत ते माझ्याकडे आलं आणि मी ते तीन आठवडे घड्याळामागे खोचून ठेवलं. फीबीने टोकलं तेव्हा कुठे एका रविवारी दुपारी बसून मी दोन पत्रं लिहिली. एक पाकिटासाठी: डुकरांची वजनं, सफरचंदं, चर्चचं गळकं छप्पर. दुसरं ऑर्विल प्रॅटला. हा माझा जुना शेजारी, आता मिशिगनला असतो, आणि त्याला मी मनातलं लिहितो. (मनातलं लिहिण्यात वाईट काही नाही. माझ्या मनात काय होतं ते वाईट होतं.)

सप्टेंबर लागला आणि ऑर्विलचं उत्तर आलं. "लेम, तुझी डुकरं धष्टपुष्ट आहेत हे वाचून आनंद वाटला. पण मी तुझा लाडका भाऊ आणि दोन लाडक्या बहिणी कधीपासून झालो?" मी तिथेच अंगणात मटकन बादलीवर बसलो. बादली भरलेली होती.

म्हणजे ऑर्विलसाठी लिहिलेलं पत्र पाकिटात गेलं होतं. एव्हाना ते तुझ्या हातात पडलं असेल, तरी त्यात काय होतं ते माझ्या तोंडूनही ऐक. असाहेलदादाबद्दल लिहिलं होतं की त्याची अक्षरं हल्ली झोकांड्या खातात, बहुधा दादाही खात असेल, आणि भरल्या बाटलीशेजारी बसून पत्र लिहू नये एवढंही त्याला कुणी सांगत नाही. लोविनाबद्दल लिहिलं होतं की तिचा सायरस पत्रागणिक नमस्कार सांगतो पण स्वतः एक ओळ खरडत नाही. एवढा गुणी नवरा तिने काचेच्या कपाटात ठेवला असावा. आणि तुझ्याबद्दल, ताई: "केझियाताईची पत्रं म्हणजे प्रवचनं. मी पहिलं पान वाचतो, दुसरं चाळतो, आणि तिसरंही असतं असं ऐकून आहे."

पाकीट वाटेतच गाठावं म्हणून मी दुसऱ्याच दिवशी इंडियानाची गाडी धरली. (फीबीला सांगितलं, डुक्कर बघायला जातोय. तिने रविवारचा कोट का घातला म्हणून विचारलं, तेव्हा डुक्कर चांगल्या घरचं आहे असं काहीतरी बोललो.) असाहेलदादा ओसरीवर बसला होता. मी तीन पावलांवर जाऊन उभा राहिलो, तरी तो म्हणाला, "कोण आहे?"

"मी लेम."

"लेम? तो पत्रसुद्धा ढकलल्याशिवाय पाठवत नाही. तो स्वतः कसा येईल?"

ताई, त्याला दिसत नाही. दोन वर्षांपासून दिसेनासं होत गेलं. फळीवर आडवे दोरे ताणून, त्यांच्यामधून बोट चालवत तो आपल्याला लिहितो. एकेका पत्राला त्याचा अख्खा दिवस जातो, आणि मी इकडे ओळी वाकड्या का म्हणून हसत होतो. आलेली पत्रं शाळेच्या बाई येऊन वाचून दाखवतात. माझंही त्यांनी मोठ्याने वाचलं, अगदी स्वच्छ उच्चारांत, बाटलीसकट. पुढे मास्तरीणबाई आठवडाभर दादाच्या तोंडाचा वास घेत होत्या म्हणे. मी पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले होते, तर तोच हसायला लागला. "अरे, दारू म्हटलास ते बरं केलंस. आंधळा झालो म्हणालो असतो तर ताई ट्रंक घेऊन आली असती. तिचं आता कुठे चांगलं चाललंय." मग म्हणाला, "तिच्याकडेच निघालास ना? वेळेवर पोच म्हणजे झालं." मी म्हणालो, त्याचसाठी तर धावतोय. तो एका गोष्टीबद्दल बोलत होता आणि मी दुसरीबद्दल, हे मला तेव्हा कळलं नाही. पाकीट तिथून कधीच पुढे गेलं होतं.

इलिनॉयला लोविनाकडे पोचलो तो तेरा तारीख. पाकीट तिने आदल्याच सकाळी तुझ्याकडे रवाना केलं होतं. माझ्यावर ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने मला बसवलं, ॲपल पाय कापायला घेतला. सायरसची टोपी खुंटीला होती, म्हणून मी विचारलं, "भावोजी कामावर गेलेत का?"

"कोलोरॅडोला गेलेत. चांदीच्या खाणीत. दोन वर्षं झाली."

"आणि पत्र?"

"एकही नाही."

"अगं, मग तू दर वेळी त्यांचा नमस्कार लिहितेस तो?"

"ते इथे असते तर म्हणालेच असते," ती म्हणाली आणि पायचा मोठा तुकडा माझ्या ताटात वाढला. ताई, तो मी कसा गिळला ते मलाच माहीत. (झाला होता उत्तम. हे लिहायला नको होतं, पण खरं आहे.)

मग तिने विचारलं, "पण दादा, तू आज इथे कसा? कालच तर लग्न झालं ना?"

"कुणाचं?"

तिने सुरी खाली ठेवली. "लेमदादा, ताईने तुलाच तर विचारलं होतं. तिसऱ्या पानावर."

ते पान तिला पाठ होतं. तिने म्हणून दाखवलं. की छप्पन्नाव्या वर्षी तू कुणा मिस्टर टटलशी लग्न करते आहेस, बारा सप्टेंबरला. की हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं. की बाबा नाहीत, तेव्हा पाद्रीबुवांपर्यंत तुझ्याबरोबर लेमने चालावं. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि कबरीपर्यंत तुझं बोट धरून चालला होता, ते बोट आता एक दिवस त्याने परत करावं. असाहेलदादाला एकट्याने प्रवास होत नाही. लोविना म्हणाली, मी गेले असते तर सायरस कुठाय म्हणून सगळ्यांनी विचारलं असतं. दोघांनीही मनाची समजूत घातली होती की लेम जाणारच आहे. आणि लेमने तुला उत्तर काय धाडलं? नीट गेलं असतं तर डुकरांची वजनं. चुकून गेलं ते असं.

ज्या माणसाला पाटीवर हात धरून अक्षरं तू गिरवायला लावलीस, त्याने तुझीच अक्षरं वाचली नाहीत. याला मला कुठलंही कारण सापडत नाही. आगगाडीत पाच-सहा तयार केली होती, पण तुझ्या फाटकाशी येईपर्यंत एकही उरलं नाही.

तुझा, वयाने सत्तेचाळीस आणि अकलेने सहा,
लेमुएल

ता. क. १: इथला खोगीरवाला म्हातारा भला माणूस आहे. त्याने शाई दिली, कॉफी दिली, आणि मी हकीकत सांगत असताना एकदाही हसला नाही. मी त्याला असंही म्हणालो की या वयात लग्न करणारा हा टटल आमच्या ताईच्या गाईवर डोळा ठेवून आला असणार. तो म्हणाला, "असेल बुवा. गाय चांगली आहे." पत्र तोच तुला पोचवणार आहे.

ता. क. २: त्याने आता कोट चढवला आणि आपलं नाव सांगितलं. दुकानावर ते हातभर अक्षरांत रंगवलेलंही आहे. मी वाचलं नव्हतं. या नव्या भावोजींकडून कळलं की लग्नाच्या दिवशी तुला हात द्यायला चौघे पुढे आले होते, पण तू कुणाचाच घेतला नाहीस आणि एकटीच चालत गेलीस. माझं ते पत्र परवा आलं, ते वाचून तू आधी पोट धरून हसलीस, आणि मग तासभर खोलीचं दार लावून घेतलंस. मला वाटतं, दारापर्यंत यायला मी तयार आहे. आत घेणं तुझ्याकडे.

ता. क. ३: तरीही एक मागणं आहेच. लोविनाला मी आमच्याकडे कायमची राहायला नेतो असं वचन देऊन बसलोय. ती हो म्हणाली. तिने ट्रंकही भरली. फीबीला यातलं काहीच माहीत नाही. ती अजून डुकराची वाट बघतेय. ऐकलंच तर ती तुझंच ऐकेल. तेवढं एक पत्र तिला लिहिशील ना? माझ्या अक्षरातलं तिला काही खरं वाटत नाही, आणि या अकरा दिवसांनंतर मलाही वाटत नाही.