दिवा मालवला की कचऱ्याची सूचना

ओसाका, ४ नोव्हेंबर

ती. सुमिए आत्यास,
हिसातोचा सा.न.वि.वि.

तू पाठवलेली सुकी मासळी पोचली. वासावरून शेजारी भांडायला आला होता, त्याच्याच हातात अर्धी कोंबली. आता रोज भेटला की तुझी तब्येत विचारतो.

गावात तू सांगत असतेस की मी खोक्यांच्या कारखान्यात आहे. तसं ते अगदीच खोटं नाही, आमचा माल खोक्यांतूनच विकला जायचा. आमचे कुगासाहेब मोठ्या माणसांसाठीचे व्हिडिओ गेम बनवतात. कसले ते तुला कळलंय, उगाच भोळी होऊ नकोस. पूर्वी हे दुकानात पडद्यामागच्या कपाटात असायचे. गिऱ्हाईक मान खाली घालून यायचं, तसंच जायचं. ती दुकानं आता बसली. सगळी दुनिया कॉम्प्युटरवरच्या एकाच मोठ्या दुकानातून घेते. तिथे शेतीचे गेम, गळ टाकायचे गेम, आणि त्यांच्याच मांडीला मांडी लावून आमच्यासारखे.

पण त्या दुकानानं आमचा नवा गेम दोनदा परत पाठवला. कारण सांगत नाहीत, नुसतं नको म्हणतात. आता शेवटची संधी. या धंद्यातली रीत अशी की दुकानात सोवळा गेम मांडायचा आणि कापलेला भाग आपल्या साइटवर ठेवायचा, हवा त्यानं येऊन जोडून घ्यावा. तर साहेबांनी कात्री चालवली. गोष्ट आहे खाणावळवाल्या विधवेची आणि बोटीवरच्या मिस्त्रीची, दोघंही चाळिशी ओलांडलेली. पण आता काय होतं, दिवा मालवतो आणि लगेच दोघं नाश्त्याचा भात खात बसलेली. बघणाऱ्याला वाटतं, गेम बिघडला. साहेब दिवसभर त्या भाताकडे बघत बसतात.

ते जाऊ दे. मला झोप येत नाही गं. खांबावरच्या भोंग्यातून तू गावाला सूचना देतेस ना, त्या रेकॉर्ड करून पाठव. गावात असल्यासारखं वाटेल.

लोभ आहेच, तो मासळीसकट चालू ठेवावा.
तुझा,
हिसातो

---

इसोहामा, १६ नोव्हेंबर

चि. हिसातोस,
अ.आ.

तुझं पत्र वाचून मी ते तांदळाच्या डब्याखाली ठेवलं. देवघरात ठेवण्यासारखं नव्हतं. तुझा बाप गेल्यावर तुला वाढवलं ते याचसाठी का, असं विचारणार होते, पण तू उत्तर द्यायला बसशील म्हणून विचारत नाही. खोक्यांचा कारखानाच बरा.

सूचना पाठवते आहे. जळाऊ कचरा, जुनं फर्निचर, त्सुनामीचा सराव, आणि वाट चुकलेल्या म्हाताऱ्याची. एक सावकाश वाचली आहे, तुला झोप यावी म्हणून.

किती दिवस वाचेन कोण जाणे. नगरपालिकेत उसामि खातेप्रमुख झाल्यापासून यंत्राचा आवाज बसवायचं चाललंय. तो म्हणतो, यंत्र आजारी पडत नाही. मार्चच्या सभेत ठरणार. हिसातो, हे काम गेलं तर मी कोण रे? मासळी वाळवणारी एक बाई. आत्ता निदान गावातली कुत्रीसुद्धा माझा आवाज ऐकून कान टवकारतात.

भाजी खात जा. आणि त्या साहेबांना सांग, लग्न करा.
तुझी आत्या,
सुमिए

---

ओसाका, २० जानेवारी

ती. सुमिए आत्यास,
सा.न.वि.वि. आणि या वेळी डोकं जरा जास्तच खाली.

आधी चांगली बातमी. दुकानानं गेल्या महिन्यात गेम घेतला, विकायलाही लागला! साहेब रडले, मग आम्हाला वाफाळत्या नूडल्स खायला घातल्या, मग पुन्हा रडले.

आता दुसरी. रागावायचं असेल तर आधी बसून घे. तुझ्या सूचना मी झोपेसाठी मागितल्या नव्हत्या. त्या रिकाम्या जागा आहेत ना, दिवा मालवतो तिथल्या, त्यात मी तुला बसवली. म्हणजे असं, मिस्त्री त्या बाईचा हात धरतो, ती लाजते, दिवा मालवते, पडदा काळा होतो, आणि बाहेरच्या खांबावरून तू सांगतेस की उद्या जळाऊ कचऱ्याचा दिवस, पिशवीची गाठ नीट मारा. पूर्ण सूचना. मग भात.

साहेबांना दाखवलं तेव्हा मला हाकलतील असं वाटलं होतं. ते हसत हसत खुर्चीवरून पडले. आणि गंमत बघ, कापलेला भाग न्यायला आमच्या साइटवर आता काळं कुत्रं येत नाही. तो जोडला की तुझी सूचना जाते, म्हणून लोकांना तो नकोच! त्सुनामीच्या सरावाला तर लोक टाळ्या वाजवतात म्हणे.

विचारायला हवं होतं, कळतंय. पण तू नाही म्हणाली असतीस. आपल्या गावात असले गेम कोण खेळतंय?

लोभ उरला असल्यास कळवावे.
हिसातो

---

इसोहामा, ९ फेब्रुवारी

हिसातो,

आशीर्वाद या पत्रात नाहीत. पुढच्याचं पुढे बघू.

कोण खेळतंय म्हणतोस? बुधवारी मी कचऱ्याची सूचना दिली आणि बंदरावर जाळी विणणारे सगळे बाप्ये एकदम खोकायला लागले. न्हाव्याच्या दुकानात मी शिरले तर गप्पा थांबल्या. उसामि मला बघून वर छताकडे बघतो. मला वाटलं, माझं काम गेलं, आणि सांगायची कुणाची हिंमत होत नाहीये.

शेवटी शेजारच्या तेत्सुजीला धरला. बोटीवर जातो, मनाचा सरळ आहे. मानेपर्यंत लाल होऊन त्यानं सांगितलं. तुझ्या त्या मोठ्या दुकानात म्हणे आपले मित्र सध्या काय खेळताहेत ते नावानिशी दिसतं. ते लपवायचं बटण असतं, पण आपल्या गावातल्या एकाही शहाण्याला ते सापडलं नाही. मासेमारीचा गेम खेळायला म्हणून सगळ्यांनी एकमेकांना मित्र केलेलं. आता तेत्सुजीला उसामि दिसतो, उसामिला न्हावी दिसतो, न्हाव्याला अख्खी मच्छीमार सोसायटी. सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक, आणि बोलायला कुणी तयार नाही. बोलेल तो सापडला.

पण सभेत उसामि हेच पुढे करणार. गावाचा आवाज असल्या ठिकाणी गेला, आता यंत्रच बरं. तेव्हा माझा आवाज काढून टाक. लगेच.

सुमिए

---

ओसाका, १३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा.न.वि.वि.

साहेबांना पत्र वाचून दाखवलं. ते उठले आणि इसोहामा ज्या दिशेला आहे असं त्यांना वाटतं तिकडे वाकून उभे राहिले. दिशा चुकली होती, तिकडे कोबे आहे. पण बराच वेळ वाकून होते.

काढतो म्हणाले. काढला की गेम बदलला असं होतं, दुकान तो पुन्हा तपासायला नेतं, आणि या वेळी नको म्हणालं तर आमचा धंदाच बंद. हे तुला दबाव आणायला सांगत नाही. म्हणजे थोडं त्यासाठीच सांगतोय, खोटं कशाला बोलू. पण तू एक ओळ लिही, मी स्वतः काढेन. तुझा आवाज मी न विचारता उचलला. खोड्या मी गावभर केल्या, पण तुझ्या जिवावर ही पहिलीच. झोप खरंच येत नाही आता.

तू म्हणशील ते.
हिसातो

---

इसोहामा, १५ मार्च

चि. हिसातोस,
अ.आ. (हो, परत आले.)

तुला ओळ लिहिली नाही, कारण आधी ते काय आहे ते बघावं म्हटलं. तेत्सुजीला बोलावून घेतलं आणि त्याच्या कॉम्प्युटरवर गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितला. तो बिचारा पूर्ण वेळ भिंतीकडे तोंड करून बसला होता. ती बाई चांगली आहे. मिस्त्रीला अक्कल कमी. फर्निचरची सूचना तू उन्हाळ्यात घातली आहेस, ती हिवाळ्यात असते. एवढं सोडलं तर मला लाज वाटण्यासारखं काही सापडलं नाही.

दुकानात गेमच्या खाली लोकांनी अभिप्राय लिहिलेत, ते तेत्सुजीनं यंत्राकडून आपल्या भाषेत करून वाचून दाखवले. कुणी एक ब्राझीलचा लिहितो, या बाई काय सांगतात ते मला एक अक्षर कळत नाही, पण त्या बोलायला लागल्या की मी हातातलं काम थांबवतो. ते मी तीनदा वाचायला लावलं. इतकी वर्षं बोलते आहे, गावात असं कुणी म्हटलं नाही.

मग सभा. उसामि उठला आणि म्हणाला की सुमिएबाईंचा आवाज अलीकडे अनुचित ठिकाणी ऐकू येतो अशी कुजबुज आहे. मिझोगुचीबाई सगळ्यांत जुन्या सदस्य, त्यांना यातलं काही ठाऊक नाही. त्यांनी सरळ मनानं विचारलं की कुठल्या ठिकाणी, आणि ऐकलं कुणी. सगळे चहाच्या कपात बघायला लागले. उसामिचे कान उकडलेल्या खेकड्यासारखे.

असंच सगळं विरून गेलं असतं आणि माझं कामही राहिलं असतं. पण मला ते सहन होईना. मी उठले. म्हटलं, तो आवाज माझाच आहे, मोठ्यांच्या गेममध्ये आहे, कचऱ्याची सूचना देतो. ज्यांनी ज्यांनी गेम बघितला असेल त्यांनी हात वर करून सांगावं, मी त्यात वाईट काय बोलले. एकही हात वर गेला नाही. मिझोगुचीबाई म्हणाल्या, कचरा तर उचलायलाच हवा. यंत्राचा ठराव पडला. उसामिनंसुद्धा विरुद्ध मत दिलं.

आता ऐक. गेमच्या शेवटी कामं करणाऱ्यांची यादी येते, तिथे आवाजासमोर कुणा ओतोहा शिरानामीचं नाव आहे. तेत्सुजी म्हणतो, या धंद्यात बायका खोटं नाव लावतात, अब्रूसाठी. ही कोण भवानी? मी भर सभेत उठून माझं म्हटलं आणि तू मला दुसऱ्याच्या नावाखाली झाकतोस? भोंग्यावर आजवर कुणी माझं नाव घेतलं नाही. इथे घाल. दुकान पुन्हा तपासेल म्हणतोस, तर तपासू दे. त्यात धोका आहे हे मला कळतं. तरी घाल.

भाजी खा.
तुझी आत्या,
सुमिए हामादा

---

ओसाका, ६ एप्रिल

ती. सुमिए हामादा यांस,
सा.न.वि.वि.

नाव घातलं. साहेबांनी अक्षर एक माप मोठं केलं. मग गेम दुकानाकडे गेला आणि आम्ही उत्तराची वाट बघत बसलो. साहेबांनी खोकीसुद्धा भरायला काढली होती.

काल उत्तर आलं. परवानगीआधी त्यांना एकच गोष्ट हवी होती. हल्ली ते सगळ्यांनाच विचारतात, की हा आवाज यंत्रानं बनवलेला आहे का. साहेब म्हणाले, लिही तूच.

मी लिहिलं की नाही, ही माझी आत्या आहे, खात्री करायची असेल तर तिला रागवून बघा.

आज सकाळी गेम पुन्हा दुकानात लागला.

तुझा लोभ, आणि अधूनमधून तुझा राग, दोन्ही असू द्यावेत.
हिसातो