बुदिमिरची ओली लाकडं

१४ ऑक्टोबर
बुदिमिर लाकडं टाकून गेला. ट्रकभर बीच झाडाचं लाकूड. शेडमध्ये रचता रचता माझी कंबर गेली. "मास्तरीणबाई, लाकडं ऑगस्टात घ्यायची असतात. ही पुढच्या वर्षी जळतील," म्हणाला. ओली म्हणून तर स्वस्त पडली! आणि वाळवता येतात. उद्याची लाकडं आज चुलीमागे रचायची, धुराड्याची झडप निम्मी बंद, दाराच्या फटीत चिंध्या, दोन्ही खोल्यांना कुलूप. हिवाळाभर फक्त स्वयंपाकघरात राहायचं. एका बाईला किती जागा लागते?

२ नोव्हेंबर
पहिला बर्फ. लाकडं फुसफुसतात, टोकांतून पाणी गाळतात. किटली तापते, खोली तापत नाही. सकाळी आत नऊ अंश.

भिंतीपलीकडे ग्रोझ्दानाची चूल धडधडत असते. ग्रोझ्दाना म्हणजे माझी नणंद. एकच घर, मधे भिंत, दोन दारं, दोन चुली. अकरा वर्षं बोलणं नाही. माझा स्तोयन न्यूमोनियाने गेला, तेव्हा कबरीपाशी सगळ्या गावादेखत ओरडली होती — "लाकडं वाचवलीस आणि माझा भाऊ गारठवून मारलास!"  

९ नोव्हेंबर
खोकला. विशेष काही नाही. रात्रभर होता, एवढंच.

१३ नोव्हेंबर
दारात ग्रोझ्दाना! बगलेत उशी, खांद्यावर गोधडी, हातात बरणी.

"वहिनी, माझ्या शेडचं छप्पर गळलं. लाकडं कुजली सगळी. वसंतापर्यंत तुझ्या चुलीपाशी पडू दे. फुकट नाही, आंबवलेला कोबी आणलाय."

अकरा वर्षांनी पहिलं वाक्य, त्यातही कोबी. तोंडावर दार लावणार होते. पण खोकल्याने बोलताच येईना, आणि तेवढ्यात ती आत आली. शिवाय दोन माणसं म्हणजे तेवढीच जास्तीची ऊब.

"राहा वन्सं. पण चूल माझ्या पद्धतीने चालेल."

"तुझ्याच. लाकडं मात्र मी आणणार आणि सकाळी मीच पेटवणार. तुझी कंबर ही अशी, आणि मला पहाटे झोप नसते."

२१ नोव्हेंबर
उठले तेव्हा अठरा अंश! लाकडं आता फुसफुसत नाहीत. चुलीमागे वाळतात ना. खोकला जवळजवळ गेला.

ग्रोझ्दाना घोरते.

१९ डिसेंबर
संत निकोलाचा दिवस, घरचा सण. मेणबत्ती लावली, गहू शिजवला. बुदिमिर आला, राकिया दारूचे तीन पेले रिचवले आणि कोट काढून बसला. "मास्तरीणबाई, माझ्या ओल्या लाकडांवर ही ऊब?" त्याला झडप, फटी, चिंध्या सगळं समजावून सांगितलं. त्याने ग्रोझ्दानाकडे बघितलं. ती वाल ढवळत होती. "वहिनीचं डोकंच तसं," म्हणाली. टोमणाच असणार. पण मला बरं वाटलं.

११ जानेवारी
बाहेर उणे सतरा. आत एकोणीस. झडपेवरून भांडण. मी जिंकले.

२ फेब्रुवारी
मोजे रफू करताना ग्रोझ्दाना अचानक म्हणाली, "स्तोयन लहानपणीही टोपी घालायचा नाही. आईने बदडला तरी नाही."

मी सुईत दोरा ओवत राहिले.

"त्या दिवशी मला कुणावर तरी ओरडायचं होतं, वहिनी. तू समोर होतीस."

मला रडू आलं. दुसरी गरम खोली असती तर तिथे जाऊन रडले असते. नव्हती, म्हणून तिच्यासमोरच रडले. तिने चुलीत एक लाकूड घातलं.

२६ फेब्रुवारी
खिडकीतून शेड दिसते. माझा ढीग जवळजवळ तसाच! साडेतीन महिने दोघी शेकतोय आणि ढीग हलत नाही. बुदिमिरला बोलावून दाखवायला हवं. काटकसर अंगात मुरलेली असावी लागते.

३० मार्च
चूल विझवली. ग्रोझ्दाना उशी घेऊन पलीकडे गेली. जाताना, "झडप पुसून ठेव." बस्स.

सकाळी जाग आली ती कुणी घोरत नाही म्हणून.

४ एप्रिल
ग्रोझ्दाना पेन्शन आणायला गावात गेली. म्हटलं, तिच्या शेडचं गळकं छप्पर बघून ठेवावं, बुदिमिरकडून दुरुस्त करून घेऊ, मुकाट्याने. शिडी लावली. एक कौल हललेलं नाही. वाशांवर पाण्याचा डागसुद्धा नाही. खाली उतरले, दार उघडलं. आत कुजलेलं लाकूड नाही. कुठलंच लाकूड नाही. भिंतींवर छतापर्यंत रचलेल्या ढिगाची खूण, आणि जमिनीवर नुसती साल. हातात घेतली. खडखडीत वाळलेली.

५ एप्रिल
माझा ढीग तसाच आहे. पुढच्या वर्षी जळेल. दोघींना पुरेल.